दुसरी सही

पार्टिशनच्या वरून हात आला. लांब, हाडकुळा, मनगटाला रबरबँड. बोटं दोनदा मिटली-उघडली आणि पलीकडच्या खोलीतून माझी मैत्रीण लांबी म्हणाली, "टायमर दे गं." मी डब्यातला हात पुसला आणि दिला. आमच्या दोघींत टायमर एकच. स्वयंपाकघरात असतो तसला, गोल, पिळला की टिकटिकायला लागणारा. दुसरा मागितला नाही असं नाही. दर तीन महिन्यांनी पर्यवेक्षक बाई येतात, "लिहून घेते" म्हणतात आणि खरंच लिहून घेतात, पुढे काही होत नाही. तर टायमर गेला, मी पुन्हा घास घेतला, आणि मग मला कळलं की काहीतरी बरोबर नाही. जेवणाची सुट्टी होती. बाहेरच्या बाकांवर चिटपाखरू नव्हतं, मी आत्ताच बघून आले होते. लांबीच्या खोलीचं दार फरशीला घासतं, कुणी आत गेलं की ऐकू येतंच, ते वाजलं नव्हतं. आणि तरीही लांबी पलीकडे बोलायला लागली. "नमस्कार. आज तुम्ही तपासणीसाठी आलात हे फार चांगलं केलंत." मग थांबली. समोरचा माणूस मान हलवतो किंवा पुटपुटतो, तेवढा वेळ थांबली. "इथे बोललेलं इथेच राहील. घाई नाही. काही विचारायचं असेल तर विचारा." पुन्हा थांबली. कुणी काही विचारलं नाही. घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

मग पाकीट फाटल्याचा आवाज. स्पिरिटचा वास वरच्या उघड्या जागेतून माझ्या डब्यावर आला. टोचणीची टक. थोडी शांतता, कारण पहिला थेंब पुसून टाकायचा असतो आणि दुसरा घ्यायचा असतो. मग टायमर पिळला गेला आणि टिकटिक सुरू झाली. लांबी स्वतःची एचआयव्हीची तपासणी करत होती. पंधरा मिनिटं लागतात. एक रेघ आली तर लागण नाही, दोन आल्या तर पुढची तपासणी, हे मी दिवसातून वीसदा सांगते, झोपेतसुद्धा सांगेन. पण आज त्याला एक शेपूट होतं, ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. लांबीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तर मी सुटले. एक आली तर उरले मी. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, की दोन येऊ देत. माझी एकुलती एक मैत्रीण, आजारपणात माझ्या घरी येऊन भांडी घासून गेलेली, आणि मी कोरडा घास तोंडात धरून म्हणत होते, हिच्या येऊ देत.

सकाळच्या म्हाताऱ्याने केलं हे. पार्टिशनमधून सगळं ऐकू येतं. "इथे बोललेलं इथेच राहील" म्हणतो आम्ही, आणि ते पलीकडच्या खोलीत सहज जाऊन बसतं. लांबी त्याला समजावत होती, माहीत असणं बरं, न कळता आयुष्य काढण्यापेक्षा कळलेलं बरं, आता चांगली औषधं आहेत. म्हातारा हुशार. म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतःची केलीये का कधी?" हा प्रश्न नवा नाही. त्याला उत्तर ठरलेलं आहे, प्लास्टिक चढवलेल्या कार्डावर छापलंय: 'आपण तुमच्याबद्दल बोलूया.' लांबी ते बोललीच नाही. मी माझ्यासमोरच्या बाईचं नाव-गाव लिहिता लिहिता थांबले, तीही थांबली, अख्खी इमारत थांबल्यासारखं वाटलं. मग लांबी म्हणाली, "नाही, आजोबा." म्हातारा म्हणाला, "मग?" बस्स, एवढंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हातारा असं काही बोलला नाही, ते माझं मीच मला ऐकवलं.

आम्ही काही डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी आधी कपड्यांच्या दुकानात होते, लांबी एका शाळेच्या कार्यालयात. जाहिरात आली, बारावी पास, बोलायला गोड, अकरा महिन्यांचा करार. प्रशिक्षण दहा दिवसांचं म्हणाले आणि पाचात उरकलं, कारण सभागृह सहाव्या दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं. पहिले दोन दिवस कसं बोलायचं ते शिकलो. 'कसं झालं, कुणाकडून झालं' हे विचारायचं नाही. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, उत्तर येईपर्यंत. समोरचा रडला तर पाणी द्यायचं, पाठीवर हात फिरवायचा नाही, आणि आपण रडायचं तर मुळीच नाही. आपल्याला रडू आलं तर कुठे जायचं, असं लांबीने हात वर करून विचारलं होतं. प्रशिक्षक सर हसले, म्हणाले, "बाथरूमला." सगळे हसले. मीही हसले, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले, कारण असा प्रश्न विचारणारी बाई मला आवडली. उंच म्हणून मी तिला लांबी म्हणायला लागले, तिने मला कधी नाव ठेवलं नाही, 'अगं'वरच भागवते.

चौथ्या दिवशी सराव. सराव कुणावर करायचा? एकमेकींवर. सगळीकडे असंच करतात म्हणे. बारा जण, सहा जोड्या. माझी जोडी लांबीशी. पट्ट्यांचा डबा मुदत संपलेला होता, सर म्हणाले, "हात बसण्यापुरतं आहे, चांगला माल फुकट का घालवा?" पट्टी म्हणजे बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची डबी, एका टोकाला रक्त घालायची खळगी, मधे रेघांची खिडकी. मी शहाणीने मार्करने दोन्हींवर आकडे घातले, सात आणि आठ. सात मी. कागदी स्टिकर ठेवले होते समोर, पण त्याचा चिकट कागद सोलायचा मला कंटाळा. आधी लांबीने माझं बोट टोचलं. तिचा हात इतका कापत होता की मीच तिला धीर दिला. मग मी तिचं टोचलं, माझं छान जमलं. मग टेबल स्वच्छ करायचं म्हणून मी स्पिरिटचा बोळा घेतला, टेबल पुसलं, आणि जाता जाता दोन्ही पट्ट्यांवरूनही फिरवला. मार्कर स्पिरिटने जातो. हे आता मला कुणी विचारलं तर मी दारावर पाटी लावून सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा मिनिटांनी बघितलं तर दोन पट्ट्या, आकडे नाहीत, एकीवर एक रेघ आणि एकीवर दोन. दुसरी रेघ अंधुक वगैरे नव्हती. चांगली ठसठशीत होती. लांबी म्हणाली, "सात कुठली गं?" मी म्हणाले, "कळत नाहीये." आणि तेवढ्यात सर आले, त्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा जरासा बदलला, मग त्यांनी दोन्ही पट्ट्या हाताने ओढून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. "सरावाच्या पट्ट्या वाचायच्या नाहीत. जुना माल आहे हा. चला, पुढची जोडी." झालं. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं मला. पाचव्या दिवशी प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाला, त्यात आम्ही दोघी शेजारी आहोत आणि दोघी वेगवेगळीकडे बघतोय.

जुना माल. हे दोन शब्द किती उपयोगाचे आहेत म्हणून सांगू. तीन वर्षं मी त्यांच्यावर काढली. जुन्या पट्ट्या चुकतात, हे खरंच आहे. चुकली असेल. आणि नसेल चुकली तर ती कुणाची, हे कुणाला माहीत आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघींची एकाच केंद्रात नेमणूक झाली, पार्टिशनच्या दोन बाजूंना दोघी, दिवसाला वीस-वीस माणसं, महिन्याचा आकडा भरला नाही की फोन, हातमोजे एकाच मापाचे, लांबीला आखूड आणि मला सैल. हजारो लोकांना आम्ही सांगितलं, माहीत असणं बरं. पट्ट्यांचे डबे आमच्या कपाटात, किल्ली आमच्या पर्समध्ये. जेवताना आम्ही नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल, पर्यवेक्षक बाईंच्या चपलांबद्दल बोललो. त्या पट्ट्यांबद्दल एक अवाक्षर नाही. मी मनात हिशेब मांडायचे तेवढे मांडले. नवऱ्याची बाहेरगावची दोन वर्षं. माझं लग्नाआधीचं एक वर्ष, ज्याच्याबद्दल मी नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. 'कसं झालं' विचारायचं नाही, हा नियम लोकांसाठी ठीक आहे. स्वतःला कोण अडवणार? टिकटिक चालू होती. पाच मिनिटं झाली असतील.

बाहेरून कुणीतरी माझं दार ढकललं. एक माणूस, हातात टोपी. "मॅडम, चालू आहे का?" "जेवणाची सुट्टी आहे," मी म्हणाले, "पंधरा मिनिटं बसा." "मागच्या वेळीही पंधराच म्हणाला होतात, तास गेला." "मग या वेळी डबा घेऊन यायचं होतं," मी म्हणाले. तो हसला, दार ओढून घेतलं. मला माझ्याच आवाजाचं नवल वाटलं, किती नेहमीचा होता. पलीकडे लांबीने हे ऐकलं असणार. ती एरवी अशा वेळी पार्टिशनवर टिचकी मारते, म्हणजे शाब्बास. आज नाही मारली. माझी छाती भरून आली होती, दूध. एक वाजला की येते. घरी मुलीची प्यायची वेळ होते, ते मी इथे बसलेली असले तरी अंगाला कळतं. चौदा महिन्यांची झाली, तरी सकाळ-संध्याकाळ आणि रात्रीतून दोनदा लागतेच तिला.

आता ते. तेही येणारच होतं मनात, किती वेळ डबा ढवळत बसणार? दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला, आणि तिसऱ्या दिवशी काळजात चर्र झालं. कारण प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी होते, आणि आमच्या केंद्रात ती करतो कोण? आम्हीच. प्रसूती विभागातल्या सिस्टरने माझं कार्ड माझ्याच हातात दिलं, म्हणाली, "तू काय, घरचीच. करून आण." मी माझ्या खोलीत दार लावून बसले. पट्टी फोडली. टोचणी बोटाला लावली. दाबली नाही. किती वेळ तशीच धरून बसले कोण जाणे, बाहेर बाक भरला होता. मग मी टोचणी खाली ठेवली आणि खळगीत, रक्तावर घालायचं असतं ते नुसतं द्रावण घातलं, दोन थेंब. रक्ताशिवाय नुसत्या द्रावणानेही एक रेघ येते. प्रशिक्षणात सांगितलं होतं, फसू नका म्हणून. पंधरा मिनिटांनी एक सुंदर रेघ आली. मी कार्डावर लिहिलं, लागण नाही. आमच्याकडे प्रत्येक निकाल दोघींनी बघायचा असतो, दोन सह्या लागतात. मी पट्टी घेऊन लांबीकडे गेले. तिच्यासमोर एक जोडपं बसलं होतं, तिने लांबूनच बघितलं, कार्डावर सही केली, आणि माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू अजून दिसतं. खरंखुरं, माझ्यासाठी आनंदाचं हसू होतं. आणि मग ते तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. कारण तिला कळलं, माझी एक, म्हणजे दोनवाली ती.

त्याच महिन्यात तिने लग्न मोडलं. ठरलेलं होतं, मुलगा चांगला होता, दर शनिवारी तिला घ्यायला फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि शिपायाशी गप्पा मारायचा. "जमलं नाही," लांबी म्हणाली. मी म्हणाले, "असं कसं जमलं नाही? भांडलात का?" हो, विचारलं मी. नाटकं करायला मला कुणी शिकवायला नको. ती म्हणाली, "नाही गं, माझंच काहीतरी." तिच्या आईने मला घरी बोलावून घेतलं, माझा हात धरून म्हणाली, "तुला तरी सांगेल ती, काय झालं ते विचार ना." मी म्हणाले, "विचारते, मावशी." आणि पोटात पोर घेऊन परत आले. बायांना आम्ही सांगतो, वेळेवर कळलं आणि गोळ्या घेतल्या तर बाळ जवळजवळ नक्की सुरक्षित राहतं. जवळजवळ नक्की, असं बोट वर करून सांगते मी. माझी पोरगी वर्षभरात चारदा सर्दीने आणि तीनदा जुलाबाने आजारी पडली. सासूबाई म्हणतात, दात येताहेत. दात सगळ्यांच्याच पोरांना येतात, सासूबाई. वजनाचा तक्ता मी बघत नाही, नवऱ्याला बघायला सांगते. रात्री ती पिता पिता झोपते, मी तिच्या मानेखाली, काखेत, बोटांनी गाठी चाचपते, आणि मग मला इतका राग येतो, तिचा नाही, माझा नाही, त्या सरांचा, त्यांच्या त्या पिवळ्या पिशवीचा, की दातओठ खाऊन पडून राहावं लागतं.

आणि तेवढ्यात मला लांबीचा कापरा हात आठवला. आठवला म्हणजे काय, तो नेहमीच तिथे होता, मी त्याच्या पुढे जात नव्हते एवढंच. तिचा हात कापला म्हणून माझ्या रक्ताचा थेंब नीट खळगीत पडला नव्हता. काठावर सांडला होता. प्लास्टिकच्या पांढऱ्या काठावर एक लाल ओघळ, स्वल्पविरामाएवढा. तिने "अगं बाई, सॉरी सॉरी" म्हटलं होतं. माझ्या हाताने तिचा थेंब व्यवस्थित गेला होता, काठ स्वच्छ. मी बोळा फिरवला तो आकड्यांवरून, दुसऱ्या टोकाला. ओघळ तसाच राहिला होता. आणि सरांनी ओढून नेली ती दोन रेघांची पट्टी, तिच्या काठावर. तिच्या काठावर लाल होतं. मी बघितलं होतं. "कळत नाहीये" म्हणाले तेव्हाच बघितलं होतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला माहीत नाही, आणि मला तर पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पलीकडे टिकटिक हळू झाल्यासारखी वाटली, शेवटी शेवटी होते तशी.

टायमर वाजला. लांबीने तो बंद केला. पुढे काहीच आवाज नाही, खुर्चीचाही नाही. पार्टिशनवर मी हात ठेवला. म्हणावं वाटलं, लांबे, बघू नकोस, जुना माल आहे. पण डबा मागच्याच आठवड्यात आला होता. मी स्वतः सही करून घेतला होता.

तिचं दार फरशीला घासलं. मग माझं उघडलं. लांबीच्या एका हातात ट्रे, काखेत रजिस्टर. तिने ट्रे माझ्या डब्याशेजारी ठेवला. पट्टीवर कागदी स्टिकर होता, त्यावर आकडा, पेनने. "दुसरी सही हवीय," ती म्हणाली. मी बघितलं. एक रेघ. "एकच आहे," मी म्हणाले. "नीट बघ. उजेडाला धर." मी खिडकीकडे धरली. एकच होती. मी रजिस्टरमध्ये सही केली, माझी सही असते तशीच आली. "बरं झालं गं," मी म्हणाले, "बघ, उगाच तू..."

लांबी रडत नव्हती, हसतही नव्हती. तिने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि खळगीवर नख ठेवलं. "ही बघ कशी लाल आहे," ती म्हणाली. "मी आत बसल्या बसल्या हिच्याकडेच बघत होते. पंधरा मिनिटं दुसरं काही करायला नसतं ना. आणि मला तुझी आठवली. तुझ्या वेळची. हिची खळगी लाल आहे. तुझी पांढरी होती."

मी रजिस्टर मिटलं.

"मी सही केली होती," लांबी म्हणाली. "पावणेदोन वर्षं झाली. मी त्याला फाटकाशी उभं राहून सांगितलं, नको येत जाऊस. आईला काय काय सांगितलं. अगं, मी घरात माझा पेला वेगळा ठेवते. मी! लोकांना सांगते पेल्याने काही होत नाही, आणि माझा वेगळा ठेवते." तिचा आवाज चढला नाही. पार्टिशन आहे, बाहेर माणूस बसलाय, हे तिला तेव्हाही भान होतं. "रक्त घातलं होतंस का?"

"नाही," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले, उघडले. मला वाटलं आता मारेल, मारली असती तर बरं झालं असतं. "ऊठ," ती म्हणाली. मी उठले. तिने टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीकडे बोट केलं. लोकांच्या. तीन वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, बसलं की कलते. लांबी माझ्या जागेवर बसली. माझा डबा झाकून बाजूला ठेवला. हातमोजे चढवले, ते तिला मनगटापर्यंत पोचले नाहीत. कपाटातून नवं पाकीट काढलं, स्टिकर सोलला, आकडा घातला, पट्टीवर चिकटवला आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवला. टायमर शेजारी ठेवला.

"नमस्कार," ती म्हणाली. "आज तुम्ही तपासणीसाठी आलात हे चांगलं केलंत."

"लांबे," मी म्हणाले.

"इथे बोललेलं इथेच राहील. तुमच्यासोबत कुणी आलंय का?"

"अगं, असं नको ना करूस. मला मार, पण असं नको."

ती थांबली. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, उत्तर येईपर्यंत. ती माझ्यापेक्षा हे नेहमीच चांगलं करते. बाहेर त्या माणसाने खाकरून आपण आहोत हे कळवलं.

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही आलं."

"घरी कोण कोण?"

"नवरा. सासूबाई. मुलगी."

"मुलगी केवढी?"

"चौदा महिन्यांची," मी म्हणाले, आणि माझा ब्लाऊज ओला झाल्याचं मला कळलं. लांबीलाही दिसलं असणार. तिने कार्डावर चौदा लिहिलं, अक्षरात. पुढचा प्रश्न छापलेला असतो, तो मी इतक्या बायांना विचारलाय की त्याचे शब्दही मला ऐकू येईनासे झाले होते. लांबीने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"मूल अंगावर पितं का?"

मी पदर पुढे ओढला. ती वाट बघत राहिली.

"हो," मी म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं, आणि मला डावा हात पुढे करायला सांगितला.